भालचंद्र बगळ्याने आफ्रिकेत धरलेला मासा

एका जंगलात एक बगळा राहत होता. बाळांनो, लगेच हसू नका. एका पायावर उभा राहून जप करणारा तो लबाड बगळा वेगळा. हा अगदी साधा, संसारी बगळा होता. त्याचं नाव भालचंद्र.

भालचंद्राला कुमुद नावाची बायको होती, दोन पिल्लं होती आणि सासूबाई होत्या. सासूबाईंनी लग्नातच सांगून टाकलं होतं, "मुलगा चांगला आहे, पण डबक्यातला आहे." हे वाक्य सहा वर्षं भालचंद्राच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं.

त्या वर्षी जंगलात आफ्रिकेची साथ आली. जो तो उठून तिथल्या मोठ्या सरोवरावर मासे धरायला जाई आणि आपल्याएवढ्या माशाबरोबर फोटो काढून येई. शेजारच्या पाणकावळ्याने तर फोटो घरट्याच्या दारातच लावला होता.

"आपणही जाऊ," भालचंद्र कुमुदला म्हणाला. "आईंनाही नेऊ. बघू दे त्यांना."

ते विमानाने गेले. पंख होते, पण परदेशात पंखांनी जाणं बरं दिसत नाही.

सरोवर खरंच सुंदर होतं. समोरचा काठच दिसेना. नाव चालवायला एक पाणघोडा होता. त्याने सगळ्यांना टोप्या दिल्या आणि भालचंद्राला गळ दिला.

"चोचीने धरले तर?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, चोचीने काय कुणीही धरतं," पाणघोडा म्हणाला. "इथे लोक हौसेने येतात."

भालचंद्र गळ टाकून बसला. मासे नावेला अंग घासून जात होते. जरा मान वाकवली असती तर चार सहज मिळाले असते. पण मान वाकवली की टोपी पडायची. एक तास गेला, दोन गेले. पिल्लं भुकेने रडायला लागली. कुमुदने घरून आणलेला सुकटीचा डबा सगळ्यांनी विमानातच फस्त केला होता.

मग सासूबाईंनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि मान पाण्यात घातली. एक मासा आला. मग दुसरा. असे अकरा मासे त्यांनी काढले. पिल्लांना भरवले, लेकीला दिले, चांगले दोन जावयापुढे ठेवले. उरलेला एक बारका स्वतः खाल्ला.

भालचंद्राला खाता खाता रडू आलं. "आई, गळाला काहीच लागलं नाही तर मी कोणत्या तोंडाने घरी जाऊ?"

पाणघोड्याला हे रोजचंच होतं. त्याने फळीखालचा टब पुढे ओढला. आत एक भलामोठा मासा निवांत पडला होता. भालचंद्राने त्याला ओळखलं. पाणकावळ्याच्या फोटोत हाच होता.

"डावीकडून धरा," मासा म्हणाला. "उजवीकडून मी जाड दिसतो. आणि जरा आटपा, तुमच्यामागे अजून तीन कुटुंबं आहेत."

"बाबा, याला खायचं?" धाकट्या पिल्लाने विचारलं.

"नाही रे बाळा," पाणघोडा म्हणाला. "ते नोकरीला आहेत."

फोटो निघाला. घरी परतल्यावर तो बघायला सगळं जंगल लोटलं. पाणकावळाही आला. त्याने फोटोतला मासा लगेच ओळखला आणि भालचंद्राचं तोंडभरून अभिनंदन केलं. दुसरं करणार तरी काय?

"एवढा मासा धरला कुणी हो?" टिटवीने विचारलं.

भालचंद्राची मान खाली गेली. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"आमच्या जावईबापूंनी," त्या म्हणाल्या. "एकट्यांनी."

"आणि तुम्ही काय केलंत, आजी?"

"मी काय करणार? मी आपली नावेत बसून होते."

तात्पर्य: बाळांनो, आधी फोटोत नीट उभं राहायला शिका. मासे धरायला घरात कुणीतरी असतंच.