आडवी एकही नाही

सोपानराव पडवळांच्या खोलीत तिसरा माणूस आला की सोपानराव उठून बाहेर जायचे. रागावून नव्हे. चहा अर्धा असेल तर कप हातात घेऊन अंगणात उभे राहायचे आणि आतले दोघे आपापसात काय बोलायचं या विचारात बसून राहायचे.

एकदा महाळुंगे पडवळमधले त्यांच्याच भावकीतले दोघं लग्नाची पत्रिका घेऊन आले. सोपानराव म्हणाले, "एकानंच आत या. मी धरून दोन."

"आरं, आमी दोघं सख्खं भाऊ हावोत," थोरला म्हणाला.

"मग ठरवा तुमच्यात."

धाकटा अक्षता मुठीत धरून दाराबाहेर उभा राहिला. ते लग्न झालं, त्या जोडप्याला दोन मुलं झाली, तरी त्या घरी ही गोष्ट अजून सांगतात.

सोपानरावांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की गावातल्या माणसांसारखंच मलाही आधी हसू येतं. त्याबद्दल ते रागावणार नाहीत, म्हणून लिहितो.

मी मंचरच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. आमचं घराणं राजस्थानातून आलेलं, पेठेत किराण्याचं दुकान. त्यामुळे मी पुस्तकात कितीही डोकं घातलं तरी सोपानरावांनी मला 'शेठ'च म्हटलं. ते कोलकात्याला पदार्थविज्ञानाचे संशोधक होते. दोन हजार सालानंतर एका उन्हाळ्यात त्यांच्या आईच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि सोपानराव एक संगणक, दोन ट्रंका घेऊन महाळुंगे पडवळला, आपल्या गावी आले. लग्न केलेलं नव्हतं. पूर्वी बटाट्याचं बियाणं ठेवायचे त्या खोलीत त्यांनी संगणक मांडला. टेलिफोनच्या तारेवरून अमेरिकेतल्या एका यंत्राची माहिती तिथे उतरायची. वीज गेली की थांबायची, आणि वीज रोज जायची.

त्या यंत्रात सोन्याच्या अणूंची केंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर सोडतात. हे गावात कळलं तेव्हा पारावर कोणीतरी म्हणालं, "सोन्याचं काम करता राव, मग सदऱ्याला एक गुंडी तरी लावून घ्या."

जगभरचे लोक त्यातल्या धडकांचा अभ्यास करत. सोपानरावांचं लक्ष जी केंद्रकं धडकत नाहीत, एकमेकांच्या शेजारून निघून जातात, त्यांच्यावर. मी एकदा विचारलं, "न धडकलेल्याचा अभ्यास काय करायचा?" तर त्यांनी मला स्कूटरवर बसवून नाशिक रस्त्याला नेलं आणि कडेला उभं केलं. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं. समोरासमोरून दोन भरलेले ट्रक आले आणि हातभर अंतर राखून एकमेकांना ओलांडून गेले.

"आदळले का?"

"नाही."

"मग तुमचं वर्तमानपत्र कुठंय, शेठ?"

ते बाभळीत अडकलं होतं. मग बाभळीखालीच त्यांनी समजावलं. केंद्रक इतक्या वेगाने जातं तेव्हा त्याच्याभोवती प्रकाशकणांचा झोत असतो. केंद्रकं चुकतात, पण एकाचा प्रकाश दुसऱ्याला लागतो, आणि त्यातून कणांची एक जोडी जन्मते. यंत्रात प्रत्येक कणाची एक रेघ उमटते; बाकी सगळं यंत्र रिकामं. लाखो नोंदींतून अशा दोनच रेघांच्या नोंदी वेचायच्या. तिसरी रेघ दिसली की नोंद बाद. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की ते घरातही तसंच करू लागले होते.

आईचं नाव हौसाबाई. डॉक्टरांचा अंदाज चुकला होता; त्या पलंगावर पडून राहायच्या, पण तोंड चालू होतं. "मास्तर," त्या मला म्हणत, "बाया इच्यारत्यात, तुजा सोपान करतो काय? ईस वर्सं झाली, मला सांगता येत न्हाई. इंजेर न्हाई, डाक्तर न्हाई. छापून तरी येऊ दे याचं नाव. म्हंजे मी दावीन त्यास्नी."

छापून येणार होतं. सोपानरावांना त्या जोड्यांच्या आलेखावर एक उंचवटा सापडला होता, कोणाला अपेक्षित नसलेला. दोन वर्षं त्यांनी तो तपासला. पुढच्या परिषदेत त्यावरचा निबंध तेच वाचणार होते आणि वर त्यांचं एकट्याचं नाव असणार होतं. एरवी मोठ्या गटाच्या लेखावर तीनशेवर नावं असतात, इंग्रजी वर्णक्रमाने, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. एकट्याचं नाव येणार, हे त्यांनी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार घरांना ठाऊक झालं.

परिषदेला महिना असताना ते एका दुपारी आमच्या दुकानात आले. दाराशी माझ्या भावाचा टेलिफोनचा बूथ होता; परदेशी फोन तिथूनच लागायचा. आत जाऊन अमेरिकेला अकरा मिनिटं बोलले. बाहेर आले आणि पाणी मागितलं.

"काय झालं?"

"उंचवट्यातल्या त्या जोड्या नव्हत्याच, शेठ. सगळ्या उभ्या होत्या. वरून खाली. आडवी एकही नाही. दोन वर्षं मी बघतोय आणि मला आज दिसलं."

आकाशातून एकेकटे कण सारखे पडत असतात, जमीनही भेदून जातात. तसा एखादा यंत्राच्या बरोबर मधून गेला की यंत्र मध्यापासून मोजतं, आणि एक रेघ वर, एक रेघ खाली अशी नोंद करतं. खरी जोडी कुठल्याही दिशेला जाते, आडवीही; ही नुसती दिसायला जोडी. असतो एकटाच. ते कण चाळून काढायची अट सोपानरावांनी घातली होती, पण फार सैल.

"तिकडं कोणाला कळलं होतं का?" भावानं विचारलं.

"नाही."

"कळलं असतं?"

"इतक्यात नाही."

"मग सांगितलंत कशाला, राव?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला भिजकं धान्य देता का?"

भावानं फोनचं बिल फाडलं. "विचारलं तर सांगतो," म्हणाला.

सोपानराव हसले. त्या वर्षी मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

परिषदेतून निबंध मागे घेतला गेला. राहिलेल्या कामाचा लेख उंचवट्याशिवाय, गटाच्या नावाने पुढे निघाला. तो छापून आला तेव्हा हौसाबाईंनी अन्न सोडलेलं होतं. मी मंचरला त्याच्या दोन प्रती काढून घेतल्या आणि एसटीने निघालो. वाटेत त्यांचं नाव शोधलं. तिसऱ्या पानावर, उजव्या बाजूला, एका पोलिश आणि एका चिनी नावाच्या मध्ये ते सापडलं.

आतल्या खोलीत मायलेक दोघे होते, म्हणून मी उंबऱ्यावर बसलो. एक प्रत सोपानरावांना दिली, एक माझ्या मांडीवर राहिली.

"आलं का रं?" हौसाबाईंचा आवाज फार बारीक झाला होता.

"आलं, आई."

"वाच."

मला वाटलं, आता ते आईला खरं काय ते समजावतील. अकरा मिनिटांत परक्या देशातल्या माणसांना सगळं सांगणारा माणूस. त्यांनी पहिलं पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, "सोपान पडवळ."

"पैलं?"

"पहिलं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मी माझी प्रत उलटी करून ठेवली.

हौसाबाईंनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं.

"आन् बाकीची?"

"बाकीची पुष्कळ आहेत. तीनशेवर. परदेशी माणसं, तुला काय करायचंय त्यांचं?"

"वाच की. त्यांच्याबी आया असत्याल."

सोपानरावांनी चष्मा पुसला आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं. एकेक नाव, सावकाश, उच्चार चुकला तर पुन्हा. ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलं. हौसाबाईंचे डोळे मिटलेले होते, पण वाचन थांबलं की त्यांची बोटं गोधडीवर हलत, आणि सोपानराव पुढचं नाव घेत.

तिसऱ्या पानावर पोलिश नाव आलं. सोपानराव क्षणभर थांबले, आणि पुढचं चिनी नाव वाचलं.