थोरला मॅक, धाकटा मॅक

"तुमच्यातलं कोण परत आलं नाही?" हा नानांचा पहिला प्रश्न. नाव, गाव, चहा घेणार का, हे सगळं नंतर. सोसायटीत नवे भाडेकरू आले की आम्हीच आधी बजावून ठेवतो, घाबरू नका, ते नाना आहेत.

नाना रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वह्या सांभाळणारं घर. कुणी अस्थी घेऊन आलं की नाना गाव विचारतात, लाल कापडातली लांबट वही सोडतात आणि त्याच्या पणजोबांचं अक्षर त्याच्यापुढे धरतात. भलेभले तिथे रडतात. मग त्याने घरात नव्याने जन्मलेल्यांची नावं खाली लिहायची, स्वतः. "वहीला घरच्याचाच हात लागतो," हे नानांचं ब्रह्मवाक्य. या नियमापायी त्यांनी एका आमदाराच्या पीएला हात हलवत परत पाठवलं होतं.

मी त्यांची शेजारीण. शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून अधूनमधून भिंतीपलीकडून हाक येते, "बाई, जरा इंग्रजी काढा!"

तीन वर्षांपूर्वी अशीच हाक आली. गेले तर ओसरीवर एक उंच, पिकल्या केसांची कॅनडातली बाई बसलेली. एल्स्पेथ मॅकरे. तिचे पूर्वज स्कॉटलंडचे. तिथल्या जमीनदाराला मेंढ्या ठेवायच्या होत्या, म्हणून त्याने कुळांची घरं उठवली. दोन भावांपैकी थोरला कॅनडात जमीन कसायला गेला, धाकटा रेल्वेच्या कामावर इगतपुरीला आला. धाकट्याचं पुढे काय झालं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. नाशकात घराण्यांच्या वह्या असतात, एवढं ऐकून ही बाई आली होती.

"गाव?" नानांनी विचारलं.

"स्कॉटलंड."

"तो देश झाला. गाव विचारतोय मी."

गाव सांगून झालं. वही अर्थातच नव्हती. पण आलेल्या माणसाला "नाही" म्हणायला नानांची जीभ रेटेना. त्यांनी सरळ कोरी वही काढली. "घालू की नवं घराणं! त्यात काय?" मग मला हळूच म्हणाले, "अलसपेठबाईंना विचारा, आमच्या श्रीरंगाची कधी गाठ पडते का? तोही कॅनडातच असतो." ती राहायची तिथून श्रीरंगाचं टोरांटो विमानाने पाच तास. मी विचारलं नाही.

श्रीरंग नानांचा एकुलता एक. तेरा वर्षं आला नाही. आईच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, दहाव्यालाही तो मोबाइलच्या पडद्यावरच होता. "कागद अडकलेत त्याचे," नाना सांगतात. तेरा वर्षं कसले कागद अडकतात, असं आम्ही कुणी विचारत नाही.

त्यानंतर नाना मॅकरे घराण्याने झपाटले. भर श्रावणात छत्री आणि नारळाचा काथ्या घेऊन एसटीने इगतपुरीला जायचे आणि गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीत दगडांवरचं शेवाळ घासायचे. एकदा चिंब भिजून आले ते नाचतच. "बाई, सापडलं सगळं घराणं! मॅकके, मॅकनील, मॅकरे! थोरला मॅक, मधला मॅक, धाकटा मॅक, सख्खे भाऊ शेजारी शेजारी!"

मला हसू आवरेना. म्हटलं, "नाना, मॅक हे नाव नव्हे. मॅक म्हणजे मुलगा. मॅकनील म्हणजे नीलचा मुलगा."

नाना मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे सही करताना दर वेळी आपण कुणाचा मुलगा ते लिहायचं," ते म्हणाले. "आणि तरी गेले?"

पहिले दोन मॅक परके निघाले, पण तिसरा दगड खरा होता. मी एल्स्पेथला कळवलं. नानांनी आणखी एक ओळ घालायला लावली, "कॅनडातली ती जमीन आधी कुणाची होती?" मला संकोच वाटला. तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग आलं, "तिथल्या मूळ लोकांची. आमच्या कागदांत त्यांची नावं नाहीत." नानांनी त्यांच्यासाठी वहीचं पहिलं पान कोरं सोडलं. म्हणाले, "घर उठण्याचं दुःख माहीत असलेली माणसं ना ही?"

यंदाच्या हिवाळ्यात एल्स्पेथ पुन्हा आली. दगडावर फुलं वाहिली आणि नानांच्या ओसरीवर मांडी घालायचा प्रयत्न करत वहीत नावं लिहिली. चार पिढ्यांची. शेवटी स्वतःचं. नाना श्वास रोखून बघत होते.

"तुमच्या घरचं पान?" तिने विचारलं.

नानांनी टाळाटाळ केली, पण तिने हट्टच धरला. पान उघडलं. आजोबा, वडील, नाना, प्रत्येकाचं अक्षर वेगळं; या घरात ज्याचं नाव त्यानेच लिहायचं. खाली श्रीरंगाचं वळणदार अक्षर. त्याखाली दोन बोटं जागा. श्रीरंगाचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. या नातवाला नानांनी अजून जवळसुद्धा घेतलेलं नाही.

त्या जागेत पेन्सिलीने, अगदी पुसट काहीतरी लिहिलं होतं. मी चष्मा लावून वाकले.

"मॅक श्रीरंग."

नानांनी घाईघाईने त्यावर तळहात ठेवला. "नियम मोडला नाही हं बाई. नाव कुठे लिहिलंय मी? आणि पेन्सिल आहे. तो आला की खोडेल आणि स्वतःच्या हाताने लिहील." मग एल्स्पेथकडे बघत म्हणाले, "यांच्या घराला यायला चार पिढ्या लागल्या. आमची तर आत्ता कुठे दुसरी."

एल्स्पेथने मला विचारलं, ते काय म्हणाले? आयुष्यभर इंग्रजी शिकवलं मी, पण मला सांगता येईना.