नव्व्याण्णव वर्षांचे चौऱ्याहत्तर मतदार

१९६३ साल. ओहायोतल्या आमच्या विद्यापीठात राज्यशास्त्र तेव्हा पुस्तकांच्या कपाटांतून उठून गणकयंत्राच्या कार्डांच्या कपाटांत जाऊन बसलं होतं. त्याआधी प्राध्यापक क्विंबींसारखी माणसं जुने कायदे वाचत, तालुक्याच्या न्हाव्याकडे तासन्‌तास बसत आणि पाच वर्षांनी एक जाडजूड पुस्तक लिहीत. नवे विभागप्रमुख डॉक्टर स्ट्राउड यांनी सांगून टाकलं, की यापुढे आकडे नसतील तर डॉक्टरेट नाही. क्विंबींनी निमूटपणे आपली खोली कार्डांसाठी रिकामी करून दिली.

वर्लिन होक्स्ट्रा हा त्या नव्या शास्त्राचा पहिला विद्यार्थी. बाराशे मतदारांच्या घरी पोरं पाठवून त्याने त्यांचं वय, मत आणि मतदानाची सवय विचारून घेतली होती. विभागातल्या इर्मा लिंडक्विस्टबाईंनी यंत्रावर त्या उत्तरांची भोकं कार्डांवर पाडली आणि गणकयंत्राने आठवड्याभराने निकाल दिला. सत्तरीनंतर मतदान कमी होत जाई आणि नव्व्याण्णवाव्या वर्षी एकदम उसळी घेई. नव्व्याण्णव वर्षांचे चौऱ्याहत्तर मतदार होते आणि त्यांतल्या एकानेही एकही निवडणूक चुकवली नव्हती.

वर्लिनने यावर साठ पानं लिहिली. मरण जवळ आलं की नागरिकाचं कर्तव्य जागं होतं, असा त्यांचा मथितार्थ. ऑरेगनमधली नोकरी त्याची वाट पाहत होती, बायकोला सातवा महिना होता, आणि प्रबंध मे महिन्यात मंजूर झाला तरच ती नोकरी मिळणार होती.

स्ट्राउड इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःच त्यावर लेख लिहून नियतकालिकाला पाठवला. त्यावर नाव फक्त त्यांचंच. वर्लिन दोन दिवस धड जेवला नाही.

प्रबंधाच्या परीक्षक मंडळात क्विंबीही होते. त्यांनी साठही पानं वाचली, टोपी घातली आणि मोटार काढून निघाले. त्या चौऱ्याहत्तरांपैकी एकतीस जण एकाच गावचे होते आणि त्यांतल्या एकाला तरी भेटायची त्यांची इच्छा होती. गावच्या पोस्टमास्तरांना नव्व्याण्णव वर्षांचं कुणी ठाऊक नव्हतं. दफनभूमीच्या रखवालदाराने एक नाव सांगितलं, पण त्या आजोबांना तो नाताळातच पुरून आला होता. शेवटी क्विंबी न्हाव्याच्या खुर्चीत बसले.

न्हावी म्हणाला, "तुमची ती पाहणीवाली पोरं होय? आमच्या हिनं मत कुणाला दिलं ते सांगितलं, पण वय विचारल्यावर दार लावून घेतलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी तेच केलं, सर."

परत येऊन क्विंबींनी हे वर्लिनला सांगितलं. तो धावत इर्माबाईंकडे गेला. बाईंनी यंत्रावरून मानही वर केली नाही.

"वय सांगितलं नाही की कार्डावर नऊ-नऊ पाडायचं. नियमांच्या वहीत चौथ्या पानावर लिहिलंय, बाळा."

"मला सांगायचं तरी!"

"तू विचारायचंस तरी. तुम्हा लोकांना बाराशे माणसांना विचारायला वेळ असतो."

परीक्षेच्या दिवशी वर्लिनने उभं राहून सगळं कबूल केलं. स्ट्राउड पांढरे पडले. त्यांचा लेख छापखान्यात गेला होता.

क्विंबी शांतपणे म्हणाले, "चूक मुलाने स्वतः सांगितली आहे. याला वर्षभराची मुदत द्या. पोरा, आता त्या चौऱ्याहत्तर बायकांना भेट. वय विचारू नकोस."

ऑरेगनची नोकरी गेली. मुलगी जुलैत झाली. वर्लिन वर्षभर क्विंबींच्या मोटारीतून स्वयंपाकघरं पालथी घालत फिरला. शाळेची समिती, चर्चची जेवणं, गावच्या निवडणुका, सगळं त्याच बायका चालवत होत्या. त्यावरचा त्याचा प्रबंध मंजूर झाला. पुढे तो नेब्रास्कात तीस वर्षं शिकवत होता.

क्विंबींनी सत्तराव्या वर्षी कार्डांचा उन्हाळी वर्ग लावला आणि पोरांच्या रांगेत बसून ते जेमतेम उत्तीर्ण झाले. इर्माबाई शेवटचं यंत्र भंगारात जाईपर्यंत कामावर होत्या.

स्ट्राउडांना लेख मागे घ्यायचा धीर झाला नाही. तो छापून आला, त्याला पारितोषिक मिळालं, आणि ते अधिष्ठाता झाले. वर्लिनचा प्रबंध आजवर अकरा जणांनी वाचला आहे. शंभरीच्या उंबऱ्यावर माणूस हटकून मतदान करतो, हे मात्र अजून शिकवलं जातं.