चालणे, बसणे आणि निघणे

दुबईतल्या अल कुसैसमधल्या त्या पट्ट्यावरची बाकं उचलून नेली. पण तसं काही झालंच नाही असं धरून पुढे वाचावं, कारण कैवल्यच्या घरी अजून तसंच धरून चाललंय.

नव्या नोकरीत या पट्ट्याचं डिझाइन हे कैवल्यचं पहिलं स्वतंत्र काम. दोन इमारतींच्या मधून जाणारी वाट आणि कडेला कडुनिंबाच्या सावलीत बाकं. चालणाऱ्याने चालावं, दमलेल्याने बसावं, कुणी कुणाच्या पायात येऊ नये, इतका साधा विचार. फक्त बसत कुणी नव्हतं. शनिवारी संध्याकाळी त्याचे साहेब खैरुद्दीनभाई पाहणीला येणार होते. बाकं रिकामी दिसली तर तिथे पार्किंग होणार, आणि बाकांपाठोपाठ कैवल्यची नोकरीही जाणार.

त्याने आईला साकडं घातलं. "मम्मी, तुमचं मराठी मंडळ घेऊन ये. जस्ट सिट. दॅट्स ऑल."

"बसायचंच ना? त्यात काय एवढं," अर्चना म्हणाली.

मंडळ वेळेवर आलं, तिथेच खरं तर शंका यायला हवी होती. किसनकाका सगळ्यांत मोठे, ते टेकल्याशिवाय बाकीचे कसे टेकणार? काका म्हणाले, आधी बायकांना बसू द्या. बायका म्हणाल्या, अर्चना उभी आहे. अर्चना उभी होती कारण बाकं तिच्या मुलाची, म्हणजे ती यजमानीण, आणि पाहुण्यांच्या हातात काही पडल्याशिवाय यजमानीण बसते कुठे? तिने डबे काढले. डबे ठेवायला सपाट जागा फक्त बाकांवर होती. चिवडा ऐसपैस बसला.

आता जागाच उरली नाही म्हटल्यावर काकांनी "निघतो मग" असं जाहीर केलं आणि अख्खं मंडळ वाटेच्या तोंडाशी येऊन थांबलं. निघताना जे विषय आठवतात ते एरवी कधीच आठवत नाहीत. कुणाच्या मुलीचं ठरत होतं, कुणाचा व्हिसा अडकला होता. मागे डिलिव्हरीवाले सायकली धरून ताटकळले. काकांनी कमरेवर हात ठेवला. "घरी असतो तर निदान दाराच्या चौकटीला रेललो असतो."

"मम्मी, प्लीज, आता तरी बसा ना."

"अरे, निघालोय आम्ही. आता कशाला बसायचं?"

तेवढ्यात खैरुद्दीनभाई आले. त्यांनी बराच वेळ गर्दीचं निरीक्षण केलं. "ये लोग चल रहे हैं या बैठे हैं?"

"सर, निकल रहे हैं."

"कब से?"

"मगरिब की अज़ान के पहले से, सर."

किसनकाकांनी साहेबांच्या हातावर चिवडा ठेवला. तो संपल्यावर साहेब "यल्ला, चलता हूँ" म्हणाले, आणि मग त्यांना मुलाच्या ॲडमिशनची गोष्ट आठवली. सगळ्यांत शेवटी तेच निघाले. शेरा मात्र त्यांनी कोरडा मारला: बाकांवर फक्त डबे बसतात.

मग जे घडलंच नाही, ते घडलं: बाकं गेली. पुढच्या शनिवारी मंडळ आपणहून आलं. काकांनी चहूकडे पाहिलं आणि फुटपाथच्या कडेवर बसकण मारली. त्यांच्यामागोमाग सगळे बसले. "माणसाला टेकायला काही नाही इथे. कुणी डिझाइन केलंय हे?"

साहेबांनी कैवल्यला सुधारित प्रस्तावाची एक शेवटची संधी दिली होती. सोमवारी तो त्याने रीतसर पाठवला:

"सदर वाटेच्या तोंडाशी नागरिकांना निघण्यासाठी एक दार बसवून मिळावे. भिंत नसली तरी चालेल. चौकट मात्र दोन्ही बाजूंनी रेलता येईल इतकी मजबूत असावी, ही नम्र विनंती."