मारुतीच्या पायातले बूट

"मामा, असा मारुती काढतो, आणे गावच्या अख्ख्या पठारावर दुसरा न्हाई!" अमृतने सासऱ्यांना छातीठोक सांगितलं, तेव्हा त्याच्या पिशवीत ब्रश कमी आणि कॉमिक्स जास्त होती.

अमृत लोणी गावचा पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॉलीवरचं 'आई-वडिलांची कृपा' हे त्याचं राज्य. चित्रकला तो एकाच गुरूकडे शिकला: अंजनवीर! स्टँडवर मिळणाऱ्या हिंदी कॉमिक्सचा हा हिरो, मारुतीच्या वरदानाने जन्मलेला, छाती भाकरीच्या टोपल्याएवढी. १९९७ साल उजाडलं, लग्न झालं, तिशी उलटली, पण अमृतने त्याचा एकही अंक चुकवला नव्हता.

सासरे गेणूमामा त्याला चारचौघांत 'आमचा पाट्या रंगवणारा' म्हणायचे. मायेने म्हणायचे, पण लागायचं हो! म्हणून मामांच्या गावातल्या, आण्यातल्या मारुतीच्या देवळाची भिंत रंगवायचं निघालं आणि मामांनीच सभेत शब्द टाकला, "आमचं जावई काढत्याल!" तेव्हा अमृतला आभाळ ठेंगणं झालं. भिका हा मामांचा बांधाशेजारी. दोघांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, "बिघडलं तर मी सोता चुना फाशीन!"

अमृतने अंजनवीराचं झकास चित्र निवडलं, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, भिंतीवर खडूने मोठ्या चौकटी आखल्या आणि एकेक चौकट इमानदारीत उतरवली. मुखवटा गाळला, शेपूट जोडलं. मूळ चित्रात हिरोने बस उचलली होती. तिथे डोंगर काढला. आपल्या हुशारीवर स्वारी बेहद्द खूश!

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी भिंतीवरचा पडदा सरला. मारुती असा झेपावत होता की बायकांनी आपसूक हात जोडले. मामांचा हात मिशीकडे गेला. तेवढ्यात भिका म्हणाला, "पावणं, देवाच्या पायात बूट?"

लालभडक, गुडघ्यापर्यंतचे, चकाकणारे बूट! बाहेर पायरीवर कुणाची चप्पल दिसली तरी पुजारी काठी घेऊन धावायचा, आणि आत खुद्द देवच बुटात!

"सांजच्या आत बूट उतरलेलं दिसाय पायजे," भिकाने चुन्याची बादली दारातच आणून ठेवली.

"त्यात काय, आत्ता अनवाणी करतो!" अमृतने ब्रश उचलला आणि त्याला दरदरून घाम फुटला. अंजनवीराने इतक्या अंकांत एकदाही बूट काढले नव्हते! अमृतला पायच काढता येत नव्हते. त्याने अंगठा काढून पाहिला. वांगं झालं.

"मामा, मला पाय येत न्हाईत," तो रडकुंडीला येऊन कुजबुजला.

मामांनी धोतर वर खोचून दोन्ही पाय समोरच्या पोत्यावर ठेवले. "हं, घ्या उतरून. मी हालायचा न्हाई." दुपारभर पायांना मुंग्या आल्या, माश्या बसल्या, पण मामा खरंच हलले नाहीत. अमृतला या माणसाबद्दल इतकी माया पूर्वी कधी वाटली नव्हती. त्याने चौकटी आखल्या आणि कामाला लागला.

जयंतीला सकाळी भिका सगळ्यांत पुढे. त्याने चित्र बारकाईने निरखलं, नाइलाजाने मान डोलावली आणि देवाच्या पायावर तीनदा कपाळ टेकवलं. त्याच्यामागून मामांची बायको साळुबाई आली. वाकली आणि तशीच थांबली.

"अगं बया! हे तर आमच्या धन्याचं पाय!"

माणसं पुढे सरसावली. शेजारच्या बोटावर चढून बसलेली करंगळी, विहीर खणताना दगड पडून काळं पडलेलं नख, टाचेच्या भेगा. सगळं जसंच्या तसं!

भिकाने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मामांच्या पायांकडे. रंग पुरता वाळला नव्हता. भिकाच्या कपाळावर त्या रंगाचा टिळा उमटला होता. "आरं गेणू," दहा वर्षांनी त्याच्या तोंडून नाव निघालं, "तुझ्याशी बोलत न्हवतो, आन तीनदा पाया पडलो व्हय रं!"

आधी तोच हसला, मग सगळं देऊळ हसलं. चुन्याची बादली भिकाने मुकाट घरी नेली. पाया पडून झाल्यावर चुना कोणत्या तोंडाने फासणार!

मामा आता ओळख करून देतात ती "आमचं आर्टिस्ट जावई" अशी. पंचाईत झाली ती मामांचीच. गावातली टवाळ पोरं भर रस्त्यात त्यांच्या पायावर लोटांगण घालू लागली. शेवटी वैतागून त्यांनी जुन्नरहून बूट आणले. ते घालून गावभर हिंडतात, आणि देवळात बूट काढावे लागतात म्हणून मारुतीला मात्र रस्त्यावरूनच हात जोडतात!