एका वाक्याचं भाषण

साल १९५८. मी नळदुर्गात मॅट्रिकच्या वर्गात होते आणि माझ्याइतकं बोलणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. हे आईचंही मत होतं. फक्त ती ते तक्रार म्हणून सांगायची.

त्या वर्षी धाराशिवला वादविवाद स्पर्धा ठरली. विषय : मुलींना मॅट्रिकच्या पुढं शिकवावं. मी बाजूनं बोलणार होते. आमचे अप्पा, म्हणजे तेलाचे व्यापारी कल्याणप्पा, यांनी शर्त घातली, "ढाल आणलीस तर सोलापूरला कॉलेज. न्हाय तर अणदूरचं स्थळ."

स्थळ वाईट नव्हतं. पण मला कॉलेज हवं होतं.

तयारी मकबूल मास्तरांकडं. निजामाच्या काळात ते उर्दू शिकवायचे. राज्य गेलं, मास्तरांची मुशायऱ्याची सवय राहिली. माझं भाषण ऐकून म्हणाले, "बेटी, ही उताराला लागलेली बैलगाडी आहे. ऐकणाऱ्यानं चढायचं कधी?"

मग त्यांनी मला मुशायऱ्याची रीत लावली. एक वाक्य बोलायचं, थांबायचं. कुणी 'मुकर्रर' म्हणालं, म्हणजे पुन्हा ऐकवा म्हणालं, की तेच वाक्य आणखी रंगवून म्हणायचं. ऐकणाऱ्याला नाही म्हणणं ही बेअदबी. सराव अप्पांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर चाले. भाषण संपेपर्यंत दुकान बंद करायची वेळ होई. यात काही धोका आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

स्पर्धेला निम्मं नळदुर्ग एसटीनं आलं. प्रत्येकाला पाच मिनिटं. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य टाकलं, "लेक म्हणजे परक्या घरचा दिवा म्हणता, मग तेलवात न घालताच का धाडता?"

आणि थांबले.

"मुकर्रर!" मागून आवाज आला. तो अप्पांचा होता.

मी पुन्हा म्हटलं. आता आमची गिऱ्हाइकं ओरडली. पुन्हा म्हटलं. धाराशिवच्या म्हाताऱ्यांनाही जुने दिवस आठवले. तेही मागू लागले. मी कधी 'दिव्या'वर हात कापरा केला, कधी 'तेलवाती'वर डोळे मिटले. परीक्षक म्हणून बसलेले वयस्क वकीलसाहेब गुण द्यायचे सोडून मान डोलवत होते. शेवटी त्यांनीच हात उंचावला, "वाहवा, मुकर्रर!" परीक्षकांशी बेअदबी कशी करणार?

घंटा झाली. दुसरं वाक्य राहिलं.

विरोधी बाजूनं परंड्याचा उत्तरेश्वर उठला. त्याच्याही तोंडून आधी माझंच वाक्य निघालं. मग त्यानं घाम पुसला आणि सरळ मुद्दे मांडून ढाल घेऊन गेला.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीबाहेर बघत होते. शर्त ती शर्त. पुढच्याच आठवड्यात अणदूरची मंडळी आली. पोहे झाले. मुलाचे वडील, देशमुख, म्हणाले, "पोरीचं मॅट्रिक झालं की लई झालं."

अप्पांच्या तोंडून माझं ते दिव्याचं वाक्य आपसूक निघालं. इतक्यांदा ऐकल्यावर दुसरं काय निघणार!

पाहुणेही निजामाच्या शाळेतलेच. मांडीवर थाप मारून म्हणाले, "वाह, कल्याणप्पा! मुकर्रर!"

अप्पांनी पुन्हा म्हटलं, या खेपेला सावकाश. म्हणता म्हणता थांबले. माझ्याकडं बघितलं, मग पाहुण्यांकडं. "आता दोनदा बोललो, देशमुख. मला फिरता येईना. पोरगी सोलापूरला जाणार."

पाहुण्यांनी चहा मात्र घेतला.

मकबूल मास्तर निवृत्त होईपर्यंत मुलांना वक्तृत्व शिकवत राहिले. आमच्या शाळेला ढाल कधी मिळाली नाही. उत्तरेश्वर वकील झाला. अणदूरच्या मुलाला शिकलेली बायको मिळाली, आणि ती त्याला पुरून उरली. मी बी.ए. झाले, शाळेत मास्तरीण झाले, तिथंच पेन्शनीत निघाले.

भाषणाची पुढची सगळी वाक्यं मला अजून पाठ आहेत. ती पहिल्यांदासुद्धा कुणी मागितली नाहीत.