हरकतवाले जनूभाऊ

वैशाखऱ्याचे जनूभाऊ पष्टे होकारासाठी मान हलवत नाहीत की हात वर करत नाहीत. तोंड मिटून भुंग्यासारखे गुणगुणतात. "हंऽऽ."

या गुणगुणण्यानं माझा रस्ता बुडाला. माझ्या वीटभट्टीच्या रस्त्याचा ठराव ग्रामसभेत आला. सरपंच म्हणाले, हात वर करा. भाऊ माझ्या बाजूचे, पण हात मांडीवर आणि नुसतं "हंऽऽ". एका हातानं ठराव पडला. मी तिथंच शिव्या घातल्या. भाऊ शांत. "हात मोजू नये, शेठ. कुणाची हरकत राहिलीय ते ऐकावं. आमच्यात असंच चालतं."

आमच्यात म्हणजे इंटरनेटवर. ज्याला पाठवली त्याच्याखेरीज ई-मेल कुणाला वाचता येऊ नये म्हणून तिला कुलूप कसं घालायचं, याचे जगभरचे नियम ठरवणारी मंडळी आहे. तिथं मतदान नाही. समोरासमोर बसले की पटलेल्यानं गुणगुणायचं. शहापूरच्या टेलिफोन कचेरीतली नोकरी संपल्यावर भाऊ त्यात शिरले. बिनपगारी! एकेका शब्दासाठी वर्षभर भांडतात. मी विटांच्या भावावरून अर्धा तास भांडलो तर लोक मला भांडकुदळ म्हणतात.

भाऊंचा हट्ट एकच. नवं कुलूप आलं तरी जुन्या कुलपातली मेल उघडलीच पाहिजे. "कुणाच्या बापाचं शेवटचं बोलणं असंल त्यात." फिनलंडचा एक म्हातारा कायम विरोधात. जुनं कुलूप तकलादू, चोरांना वाट ठेवू नका, म्हणायचा.

परवा मी रस्त्यावरून पुन्हा भांडायला गेलो, तर लॅपटॉपवर भाऊंची बैठक चालू. भाऊंच्या जुन्या कुलपाचाच विषय. अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाची हरकत? सगळे गप्प. म्हातारा आलाच नव्हता. जिंकले की! मी टाळी वाजवणार, तोच भाऊ बोलायला लागले. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं, पण बोलता बोलता ते तापले. निर्णय पुढे ढकलला गेला.

"काय बोललात?"

"त्याची हरकत मांडली. इस्पितळात हाय तो."

"येडे का खुळे तुमी? समोरचा नाय, तर उरकून टाकायचं!"

"तो नाय म्हणून तर. मी नसतो तर त्यानं माझी मांडली असती."

माझा जन्म घासाघिशीत गेला. समोरच्याची बाजू घेऊन स्वतःशीच इतक्या जोरात घासाघीस करणारा माणूस मी पाहिला नव्हता. घरून आणलेला राग कुठं ठेवावा कळेना.

भाऊंनी लॅपटॉप मिटला. "रोज सकाळी त्याची मेल यायची, शेठ. सालटी काढायचा माझी. चहाबरोबर वाचायचो."

मग खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तुमी भांडायला आलेले ना? बसा. सावकाश भांडा."